वादळाचा अंदाज किनाऱ्यावर, होडी समुद्रात

डिसेंबर २०१७च्या पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड बंदरात परप्रांतीय नौकांची अचानक गर्दी झाली. 'ओखी' चक्रीवादळाच्या तडाख्यातून वाट काढत त्या कोकणच्या आश्रयाला आल्या होत्या. राज्य सरकारने तेव्हा जाहीर केल्यानुसार केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या दोन नौकांमधून ९५२ मच्छीमार सुखरूप किनाऱ्याला लागले. मात्र दक्षिणेतील त्याच किनारपट्टीवरून निघालेले शेकडो मच्छीमार परतलेच नाहीत. ज्या काळात उपग्रह दर अर्ध्या तासाला ढगांची छायाचित्रे पाठवतात आणि महासंगणक दहा दिवसांपुढचे वारे मोजतात, त्या काळात हे घडले. म्हणूनच उष्ण कटिबंधातील समुद्राचे हवामान कसे असते, त्याचा अंदाज कसा बांधला जातो आणि त्या अंदाजाची साखळी नेमकी कुठे तुटते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

उष्ण समुद्राचा स्वभाव

युरोप-अमेरिकेच्या मध्य अक्षांशांतील हवामान बहुतांशी थंड आणि उष्ण हवेच्या संघर्षातून घडते. तेथे या दोन हवांच्या सीमारेषा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातात आणि नकाशावर त्यांचा माग काढता येतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या उष्ण कटिबंधात अशा ठळक सीमारेषा नसतात. येथे सर्वत्र हवा उष्ण आणि दमट असते. पाण्याची वाफ वर जाऊन थंड होते, तिचे ढग बनतात आणि त्या वेळी बाहेर पडणारी सुप्त उष्णता वातावरणाला ऊर्जा पुरवते. काही किलोमीटर रुंदीचा एक मेघसमूह तासाभरात उभा राहतो, सोसाट्याचा वारा सोडतो आणि विरून जातो. अशा शेकडो समूहांपैकी एखादाच पुढे संघटित होऊन वादळाचे रूप घेतो. तो नेमका कोणता, हे आधी ओळखणे हीच उष्ण कटिबंधातील हवामानशास्त्राची खरी कसोटी होय.

दुसरी अडचण वायुदाबाची. उष्ण कटिबंधात एरवी हवेच्या दाबात फारसा फरक पडत नाही. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो थोडा वाढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा चढउतार इतका नियमित असतो, की जुन्या दर्यावर्दींनी त्यालाच आपले साधन बनवले. वायुदाबमापकावरील दाब त्या ऋतूतील सरासरीपेक्षा पाच मिलिबारने खाली गेला, तर जवळपास चक्रीवादळ आहे असे समजून मार्ग बदलावा, हा नियम जहाजांवर आजही शिकवला जातो.

चक्रीवादळ घडण्यासाठी काही गोष्टी एकत्र याव्या लागतात. समुद्राच्या पाण्याचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक असावे लागते. ही ऊब केवळ पृष्ठभागावर असून चालत नाही. ती सुमारे पन्नास मीटर खोलीपर्यंत असावी लागते. अन्यथा वादळ स्वतःच खालचे थंड पाणी घुसळून वर आणते आणि क्षीण होते. खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत असेल, तर उभारी घेणारे वादळ झुकते आणि विस्कटते. शिवाय पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याला मिळणारे वळणही हवे. विषुववृत्तावर हे वळण शून्य असते. त्यामुळे विषुववृत्तापासून पाच अंशांच्या आत चक्रीवादळे क्वचितच जन्मतात. त्यालाही अपवाद आहेत. डिसेंबर २००१ मध्ये 'वामेई' हे वादळ सिंगापूरच्या आसमंतात, विषुववृत्तापासून अवघ्या दीड अंशावर तयार झाले होते. उष्ण समुद्राच्या बाबतीत कोणताही नियम अंतिम मानता येत नाही, तो यामुळेच.

मोसमी वाऱ्यांचा समुद्र

हिंदी महासागराचे आणखी एक वेगळेपण म्हणजे ऋतूनुसार दिशा बदलणारे वारे. जून ते सप्टेंबर या काळात सोमालियाच्या किनाऱ्यालगत वेग घेतलेला वाऱ्याचा प्रवाह अरबी समुद्र ओलांडून भारताकडे येतो. या काळात चक्रीवादळ नसतानाही मध्य अरबी समुद्रात चार-पाच मीटर उंचीच्या लाटा ही नित्याची बाब असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून लागू होणाऱ्या मासेमारीबंदीचा मुख्य हेतू माशांच्या प्रजननाला संरक्षण देणे हा असला, तरी खलाशांची सुरक्षितता हेही तिचे एक कारण आहे. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून समुद्राला शांत होण्याची विनंती करणाऱ्या कोळी समाजाने हे ऋतुचक्र शास्त्राच्या कितीतरी आधी ओळखले होते.

मोसमी वाऱ्यांमुळे आपल्याकडील चक्रीवादळांचे दोन हंगाम पडतात. पहिला पावसाळ्यापूर्वी एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंत, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांची तफावत इतकी वाढते, की वादळाला संघटित होता येत नाही. बंगालच्या उपसागराच्या तुलनेत अरबी समुद्र पूर्वापार शांत समजला जातो. चार वादळे तिकडे, तर एक इकडे, असे ढोबळ प्रमाण सांगितले जाई. मात्र २०१९ मध्ये अरबी समुद्रात वर्षभरात पाच चक्रीवादळे झाली. त्यांतील 'क्यार' हे महाचक्रीवादळाच्या श्रेणीला पोहोचले. २००७ मधील 'गोनू'नंतर या समुद्रात असे प्रथमच घडले. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा अधिक उष्ण आणि पूर्व भाग अधिक थंड होता. या स्थितीला शास्त्रज्ञ 'इंडियन ओशन डायपोल' म्हणतात. त्याशिवाय ढगांचा एक विशाल पट्टा साधारण ३० ते ६० दिवसांत विषुववृत्तालगत पूर्वेकडे प्रवास करतो. रोलंड मॅडेन आणि पॉल ज्युलियन या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये त्याचे वर्णन केले. हा पट्टा हिंदी महासागरावर असताना वादळाची शक्यता वाढते. आज दोन आठवडे आधी व्यक्त होणाऱ्या अंदाजांना त्याचा मोठा आधार असतो.

पाण्यावर वेधशाळा नसते

जमिनीवर तालुक्यागणिक पर्जन्यमापक उभारता येतात, पण समुद्रावर ते शक्य नाही. दीर्घकाळ समुद्राच्या हवामानाची नोंद केवळ जहाजांकडून मिळत असे. कोलकात्याच्या सागरी न्यायालयाचे प्रमुख हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या रोजनिशा तपासून बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास केला आणि १८४८ मध्ये 'सायक्लोन' हा शब्द रूढ केला. १८६४ मध्ये कोलकात्यावर भीषण चक्रीवादळ आदळल्यानंतर बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामानखात्याची स्थापना झाली. तरीही भर समुद्रातील जहाजाला इशारा पोहोचवण्याचा मार्ग नव्हता. नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईकडे निघालेली, लोकांमध्ये 'वीजळी' नावाने प्रसिद्ध असलेली 'वैतरणा' आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शेकडो प्रवाशांसह नाहीशी झाली.

आज चित्र पालटले आहे. 'इन्सॅट' मालिकेतील उपग्रह ढगांवर सतत नजर ठेवतात. 'ओशनसॅट'सारखे उपग्रह समुद्रपृष्ठावर सूक्ष्मलहरी सोडतात. वाऱ्याने पाण्यावर उठलेल्या बारीक तरंगांवरून त्या लहरी परावर्तित होतात आणि त्यांच्या तीव्रतेवरून वाऱ्याचा वेग व दिशा काढता येते. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने नांगरलेले तरंगक समुद्रातूनच वारा, दाब, तापमान आणि लाटांची उंची कळवतात. जगभरच्या महासागरांत सोडलेली सुमारे चार हजार 'आर्गो' उपकरणे दोन हजार मीटर खोल बुडी मारून साधारण दहा दिवसांनी वर येतात आणि पाण्याचे तापमान व क्षारता उपग्रहाला सांगतात. वादळाला खालून किती इंधन मिळणार, हे त्यावरून समजते.

या माहितीच्या आधारे दिल्लीतील हवामानखात्याचे विशेष केंद्र उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांचे अंदाज देते. जागतिक हवामान संघटनेने नेमलेल्या अशा सहा केंद्रांपैकी ते एक आहे. वादळांना नावे देण्याची पद्धतही याच केंद्रामार्फत २००४ मध्ये सुरू झाली. लाटा, प्रवाह आणि उधाणाचे अंदाज देण्याचे काम हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था करते. ती १९९९ मध्ये स्थापन झाली. वादळ चोवीस तासांनी कुठे असेल, या अंदाजातील सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. दोन दशकांपूर्वी ती बरीच अधिक होती. मात्र वादळ किती तीव्र होईल, हे सांगणे अजूनही कठीण जाते. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वाढला, तर त्याला 'झपाट्याने होणारी तीव्रतावाढ' म्हणतात. संगणकीय प्रारूपे आजही येथेच सर्वाधिक अडखळतात.

अंदाजातील शब्दांचा अर्थ

वृत्तपत्रात किंवा दूरचित्रवाणीवर येणारा सागरी अंदाज अनेकदा नुसता वाचून सोडून दिला जातो. वास्तविक त्यातील प्रत्येक शब्दाला ठरलेला अर्थ असतो. वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर 'कमी दाबाचे तीव्र क्षेत्र', ६२ किलोमीटरला पोहोचला की 'चक्रीवादळ', ८९ नंतर 'तीव्र', ११८ नंतर 'अतितीव्र' आणि २२२च्या पुढे 'महाचक्रीवादळ'. समुद्र 'खवळलेला' म्हणजे लाटांची उंची अडीच ते चार मीटर, 'अतिखवळलेला' म्हणजे चार ते सहा मीटर.

यातील लाटांची उंची सर्वांत फसवी असते. अंदाजात दिलेला आकडा ही सर्वांत मोठ्या लाटेची उंची नसते. ठरावीक काळात येणाऱ्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यामुळे चार मीटरचा अंदाज असताना एखादी लाट जवळजवळ दुप्पट, म्हणजे आठ मीटरपर्यंत उंच येऊ शकते. लहान नौका सरासरी लाटेने नव्हे, तर अशा एकाच लाटेने उलटते.

किनाऱ्यासाठी इशाऱ्याचे चार टप्पे असतात. धोक्याच्या सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, किमान ४८ तास आधी सतर्कतेचा आणि किमान २४ तास आधी वादळाचा इशारा दिला जातो. वादळ किनाऱ्यावर येण्याच्या सुमारे बारा तास आधी, जमिनीवर आल्यानंतरच्या परिणामांचा अंदाज दिला जातो. बंदरांवर मात्र आजही जुनीच भाषा चालते. एक ते अकरा क्रमांकांचे बावटे किंवा रात्री दिवे लावले जातात. 'बंदरात तीन नंबरचा बावटा लागला' या वाक्याचा अर्थ कोकणातील तांडेलाला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

तरीही सर्व धोके या वर्गवारीत बसत नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट उलटून सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. त्यामागे चक्रीवादळ नव्हते. पावसाळ्यातला झंझावाती वारा आणि उसळलेली लाट यांनी काही मिनिटांत घात केला. याउलट केरळच्या किनाऱ्यावर कधीकधी निरभ्र आकाशाखाली, वारा पडलेला असताना समुद्र घरांत शिरतो. तेथील लोक त्याला 'कल्लक्कडल', म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. दक्षिण महासागरातील वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येतात, तेव्हा हे घडते. कारण दूरचे असल्याने त्याचा अंदाज काही दिवस आधी देता येतो आणि 'इन्कॉइस' तो देते. मात्र स्वच्छ आकाश पाहणाऱ्या माणसाला तो पटवणे हे निराळेच आव्हान असते.

तीन वादळे, तीन धडे

'ओखी'चा उगम श्रीलंकेजवळ झाला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी ते कमी दाबाचे तीव्र क्षेत्र होते आणि दुसऱ्याच दिवशी कन्याकुमारीजवळच्या समुद्रात त्याचे चक्रीवादळ झाले. किनाऱ्याच्या इतक्या जवळ, इतक्या थोड्या अवधीत वाढलेल्या वादळापुढे टप्प्याटप्प्याच्या इशाऱ्यांची पद्धत अपुरी पडली. त्याहून मोठी अडचण अशी, की अनेक नौका त्याआधीच कित्येक दिवसांच्या मासेमारीसाठी खोल समुद्रात गेलेल्या होत्या. 'समुद्रात जाऊ नये' हा इशारा जो आधीच समुद्रात आहे त्याच्या उपयोगाचा नव्हता, आणि 'परत या' हा निरोप पोहोचवण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. पुढे हे वादळ लक्षद्वीपवरून उत्तरेकडे वळले. ५ डिसेंबर रोजी मुंबईत शाळांना सुटी द्यावी लागली. सुदैवाने गुजरातच्या किनाऱ्याला पोहोचेपर्यंत ते विरून गेले.

'तौक्ते'चे तसे नव्हते. मे २०२१ मधील या वादळाचा अंदाज काही दिवस आधी दिला गेला होता आणि मार्गही ढोबळमानाने ठाऊक होता. बहुसंख्य मच्छीमार वेळेत परतले. मात्र मुंबईनजीकच्या समुद्रातील तेलक्षेत्रात २६१ जणांना घेऊन थांबलेला 'पी-३०५' हा तराफा वाऱ्याने नांगर तुटून भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून बहुतेकांना वाचवले, तरी सुमारे सत्तर जण मृत्युमुखी पडले. येथे इशारा पोहोचला होता, मात्र त्याप्रमाणे सुरक्षित जागी जाण्याचा निर्णय झाला नाही.

तिसरे उदाहरण दूरच्या पाण्यातले, पण याच प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवणारे. 'एल फारो' हे अमेरिकी मालवाहू जहाज १ ऑक्टोबर २०१५ रोजी बहामा बेटांजवळ 'होआकिन' चक्रीवादळात सापडून ३३ खलाशांसह बुडाले. समुद्रतळातून मिळवलेल्या ध्वनिमुद्रणावरून आणि चौकशीतून निष्पन्न झाले, की जहाजाचा कप्तान ज्या संगणकीय सेवेवर विसंबला होता तिच्यातील माहिती कित्येक तास जुनी असे. त्याहून ताजे इशारे त्याच जहाजावर दुसऱ्या यंत्रणेतून येत होते. शिवाय या वादळाच्या मार्गाचे सुरुवातीचे अंदाजही चुकले होते. अंदाज स्वतः बदलत असतो. सकाळचा अंदाज संध्याकाळी वापरणे उष्ण समुद्रात जिवावर बेतू शकते.

पहिल्या घटनेत निरोप पोहोचला नाही, दुसरीत तो पाळला गेला नाही, तिसरीत तो शिळा झाला होता. या तिन्ही ठिकाणी उणीव केवळ शास्त्राची नव्हती.

निरोपाची साखळी

मोठ्या व्यापारी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. जगातील समुद्रांचे विभाग पाडून प्रत्येकाच्या हवामानाची जबाबदारी एकेका देशाकडे सोपवली आहे. उत्तर हिंदी महासागराच्या मोठ्या भागाची जबाबदारी भारताकडे आहे. हे संदेश उपग्रहाद्वारे आणि 'नॅव्हटेक्स' या छापील रेडिओसंदेशाच्या यंत्रणेद्वारे जहाजांना मिळतात. लहान मासेमारी नौकांकडे मात्र बहुधा अशी साधने नसतात. भ्रमणध्वनीची सेवा किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरनंतर संपते, तर मासेमारीसाठी नौका त्याच्या कित्येक पट दूर जातात.

'ओखी'नंतर ही दरी बुजवण्याचे प्रयत्न सुरू झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' हे उपकरण सादर झाले. 'गगन' उपग्रह यंत्रणेतून येणारे इशारे ते खलाशाच्या भ्रमणध्वनीवर उतरवते. मात्र हा संवाद एकतर्फी आहे. नौकेवरून उत्तर पाठवता येत नाही. त्यापुढचे पाऊल म्हणून किनारी राज्यांतील एक लाख नौकांवर दुतर्फी संदेशांची उपकरणे बसवण्याच्या योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे करण्यात आला. संकटात सापडलेल्या नौकेला त्यातून मदत मागता येते आणि तिचे स्थानही किनाऱ्यावर कळते.

उपकरण आले म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही. नौका परत फिरवायची तर डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी यांवर झालेला खर्च पाण्यात जातो. कर्ज काढून समुद्रात गेलेला नाखवा इशारा मिळूनही एक दिवस थांबून पाहतो, तो अज्ञानामुळे नव्हे. दोन-तीनदा इशारा मिळून वादळ आलेच नाही, तर चौथ्या वेळी तो मनावर घेतला जात नाही. म्हणून इशारा जितका सार्वत्रिक, तितका तो निरुपयोगी ठरण्याची भीती अधिक. 'अरबी समुद्रात जाऊ नये' याऐवजी कोणत्या अक्षांशापुढे, किती वाजल्यापासून आणि किती उंचीच्या लाटा अपेक्षित आहेत, हे तांडेलाच्या भाषेत सांगणारा अंदाज अधिक विश्वास मिळवतो.

समुद्र तापत आहे आणि अरबी समुद्र आता पूर्वीइतका शांत राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ जमिनीवर आले, तेव्हा कोकणानेही हे अनुभवले. त्या वेळी किनाऱ्यावरील हजारो लोकांना आधीच सुरक्षित ठिकाणी हलवता आले, कारण त्यांच्यापर्यंत रस्ता होता, दूरध्वनी होता, गावचा सरपंच होता. खोल समुद्रातील माणसाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याच्या हातात अंदाज वेळेवर पडेल, तो त्याला कळेल आणि माघारी फिरणे त्याला परवडेल, तेव्हाच उपग्रह आणि महासंगणकांवरचा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.